रस्टमधील ‘डिफॉल्ट’: दोन खरीप हंगामांच्या वापरानंतरचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांच्या वावरांत ज्या हवामान पेट्या उभ्या आहेत, त्यांतील सॉफ्टवेअर मी लिहिते. सुरुवातीची काही वर्षे ते सी भाषेत होते. गेले दोन खरीप हंगाम ते रस्ट भाषेत चालत आहे. हे परीक्षण संपूर्ण रस्टचे नाही. त्या भाषेतील एका लहानशा सोयीचे, म्हणजे ‘डिफॉल्ट’ या ट्रेटचे (टाइपला, म्हणजे मूल्याच्या प्रकाराला, जोडता येणाऱ्या ठरलेल्या क्षमतेचे) आणि त्याला लागून असलेल्या साधनांचे ते आहे. एखाद्या टाइपचे खरे मूल्य हाती येण्यापूर्वी त्या जागी काय ठेवावे, हा प्रश्न वाचायला क्षुल्लक वाटतो. परंतु मोजमाप करणाऱ्या यंत्रात तोच सर्वांत महाग पडतो, असे या कामातून झालेले माझे ठाम मत आहे.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या रुमालाचा मोठा गुण असा, की तो माणूस नाही हे गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला दिसते. कंडक्टर रुमालाचे तिकीट फाडत नाही आणि प्रवासी मोजताना रुमाल मोजत नाही. प्रोग्रॅममध्ये जागा धरण्यासाठी ठेवलेले मूल्यही असेच ओळखू येणारे असायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी शून्य ठेवले जाते, आणि शून्य हे तिकीट काढून बसलेल्या प्रवाशासारखे दिसते.

याचा फटका मला जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बसला. सी भाषेत ग्लोबल किंवा स्टॅटिक व्हेरिएबलला आपण मूल्य दिले नाही तरी ते शून्यापासून सुरू होते, कारण मेन फंक्शनमध्ये शिरण्यापूर्वीच मेमरीचा तो भाग पुसून शून्य केला जातो. फंक्शनच्या आत, स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत, तयार होणाऱ्या व्हेरिएबलला मात्र ही हमी नाही. आधीच्या कामाने त्या जागेवर जे सोडले असेल तेच तेथे सापडू शकते. माझ्या पेटीत दर १५ मिनिटांनी एक नोंद स्टॅकवर तयार होत असे आणि तिच्यात पाऊस, मातीचे तापमान, ओलावा व बॅटरीचा व्होल्टेज असे रकाने असत. एखादा सेन्सर उत्तर देत नसे तेव्हा त्याच्या रकान्यात कचरा राही, आणि पाव तासात हजारो मिलिमीटर पाऊस पडल्याचे आकडे अधूनमधून सर्व्हरवर येत. तो दोष निदान डोळ्यांत भरणारा होता. त्यावर मी केलेला उपाय मला त्या वेळी शहाणपणाचा वाटला: नोंद तयार होताच मेमसेटने, म्हणजे मेमरी एकाच मूल्याने भरणाऱ्या फंक्शनने, ती संपूर्ण शून्य करून टाकायची.

पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यात, एका पेटीतील पर्जन्यमापकाच्या जोडणीत ओल शिरून पिनांवर गंज चढला. आमच्या पर्जन्यमापकात दोन कप्प्यांची एक बारकी डोलणारी बादली असते, ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की ती एका बाजूला कलंडते, आणि ती किती वेळा कलंडली हे मोजून एक छोटा स्वतंत्र बोर्ड मुख्य बोर्डाला आकडा सांगतो. जोडणी गेल्यावर वाचन करणारे फंक्शन त्रुटीचा कोड परत करत होते. पण तो कोड मी तपासत नव्हते, आणि पावसाचा रकाना मेमसेटने ठेवलेल्या शून्यावर तसाच राहत होता. नऊ दिवस ती पेटी ‘पाऊस ०.०’ असे कळवत राहिली. त्या काळात त्या शिवारात दोनदा चांगला पाऊस झाला होता. आकड्यांवरून आपोआप तयार होणारा सल्ला मात्र असा गेला, की पावसाचा खंड पडला आहे, कपाशीला संरक्षित ओलित द्यावे. वावराचे मालक असलेले काका त्या आठवड्यात यवतमाळला मुलाकडे होते. त्यांनी सालगड्याला फोन करून मोटर सुरू करायला सांगितली. सालगड्याने माती ओली असल्याचे सांगितले होते. काकांनी माणसापेक्षा यंत्रावर अधिक विश्वास ठेवला, आणि तो विश्वास मीच त्यांना वर्षभर आग्रहाने शिकवला होता. आधीच भिजलेल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबले आणि सखल भागातील पऱ्हाटी पिवळी पडली.

आपल्या सरकारी कागदांमध्ये या भेदासाठी फार जुना शब्द आहे. कार्यालयीन अहवालात एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसेल तर तो मोकळा सोडत नाहीत. तेथे ‘निरंक’ लिहितात. निरंक म्हणजे पाहिले, तपासले आणि काही आढळले नाही. कोरा रकाना म्हणजे अजून पाहिलेच नाही. माझ्या पेटीतील शून्य हे निरंक म्हणून वाचले जात होते आणि प्रत्यक्षात तो कोरा रकाना होता. हा भेद माझ्या शिस्तीवर न सोडता भाषेच्या नियमांतच बसवता येईल का, हे पाहण्यासाठी मी रस्टकडे वळले.

सर्वांत आधी जे आवडले त्याचा डिफॉल्टशी थेट संबंधही नाही. रस्टमध्ये व्हेरिएबल जाहीर करतानाच मूल्य देण्याची सक्ती नाही, पण मूल्य मिळाल्याशिवाय ते वाचता येत नाही. ‘लेट’ लिहून पावसाचे व्हेरिएबल नुसते जाहीर करावे. पुढे सेन्सरने उत्तर दिले तर हे, त्रुटी आली तर ते, अशा प्रत्येक फाट्यावर त्याला मूल्य द्यावे. एखाद्या फाट्यावरून मूल्याविना पुढे जाऊन ते वाचले जात असेल, तर कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारे साधन) ई०३८१ या क्रमांकाची त्रुटी देऊन तेथेच थांबतो. त्यामुळे जागा धरण्यासाठी खोटे मूल्य टाकण्याची बहुतेक वेळा गरजच उरत नाही. व्हेरिएबल लिहिले की लगेच ‘बरोबर शून्य’ लिहायचे, ही सीमुळे हाताला लागलेली सवय मला प्रयत्नपूर्वक मोडावी लागली. ती सवय सीमध्ये काळजीची खूण होती. येथे ती कंपायलरचे तोंड बंद करते, कारण शून्य दिल्यावर त्याच्या दृष्टीने रकाना भरलेला असतो आणि आपण विसरलेला फाटा तो दाखवू शकत नाही.

आता प्रत्यक्ष डिफॉल्टकडे येते. या ट्रेटमध्ये एकच फंक्शन आहे: काहीही न घेता त्या टाइपचे एक मूल्य परत देणारे. पूर्णांकांसाठी ते शून्य देते, दशांश संख्यांसाठी ०.०, खरे-खोटे सांगणाऱ्या बूलसाठी फॉल्स, स्ट्रिंगसाठी रिकामी स्ट्रिंग, वेक्टर या वाढू शकणाऱ्या यादीसाठी रिकामा वेक्टर, आणि ऑप्शनसाठी, म्हणजे मूल्य असेल किंवा नसेल अशा टाइपसाठी, ‘नन’, म्हणजे ‘येथे काही नाही’. आपल्या स्ट्रक्टच्या, म्हणजे अनेक रकान्यांच्या टाइपच्या, डोक्यावर ‘डिराइव्ह’ची एक ओळ लिहिली, की कंपायलर प्रत्येक रकान्याचे डिफॉल्ट घेऊन संपूर्ण स्ट्रक्टचे डिफॉल्ट स्वतः रचून देतो. जून २०२२ मध्ये आलेल्या १.६२ आवृत्तीपासून एनमलाही, म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एक असणाऱ्या टाइपलाही, ही सोय मिळाली, आणि ती देताना एक चांगला निर्णय घेतला गेला: अनेक पर्यायांपैकी डिफॉल्ट कोणता, हे त्या पर्यायावर खूण करून आपणच सांगावे लागते; पहिला पर्याय गुपचूप उचलला जात नाही.

ही सोय इतकी सुबक आहे, की पहिल्याच महिन्यात मी जुनी चूक नव्या कपड्यांत परत आणली. सेन्सर वाचणारे फंक्शन आता ‘रिझल्ट’ परत करत होते, म्हणजे एक तर आकडा किंवा त्रुटी. रिझल्टमधून आकडा काढण्यासाठी ‘अनरॅप ऑर डिफॉल्ट’ नावाची पद्धत आहे: आकडा असेल तर तो घ्या, नसेल तर त्या टाइपचे डिफॉल्ट घ्या. ती वापरली की ओळ आटोपशीर होते, कंपायलर समाधानी असतो, आणि सेन्सर मेला तर पावसाच्या रकान्यात पुन्हा ०.० जाऊन बसते. मेमसेट आणि ही पद्धत यांत परिणामाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. फरक एवढाच, की सीमध्ये मी त्रुटीचा कोड न वाचता सोडला होता, आणि रस्टमध्ये त्रुटी आल्यास शून्य घ्या असे मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. टेबलावर पेटी तपासताना पर्जन्यमापकाची वायर मुद्दाम उपटून पाहिली तेव्हा हे लक्षात आले. मोजमापाच्या कामात या पद्धतीचा वापर पूर्ण टाळावा, असे मी येथे स्पष्टपणे नोंदवते.

मग रस्टचे खरे बळ कशात आहे? माझ्या मते, डिफॉल्ट न देण्याच्या मुभेत. हा ट्रेट कोणत्याही टाइपवर आपोआप चिकटत नाही. आपण मागितला तरच मिळतो. पावसासाठी मी साधा आकडा वापरणे थांबवले आणि स्वतःचा टाइप केला. त्याच्यावर डिफॉल्ट लिहिले नाही आणि डिराइव्हही केले नाही. त्या क्षणापासून ‘अनरॅप ऑर डिफॉल्ट’ लिहिलेली प्रत्येक जागा कंपायलरने एकेक करून दाखवून दिली. त्याचा निरोप साधा होता: या टाइपला डिफॉल्ट नाही, म्हणून ही पद्धत येथे चालणार नाही. दुपारभर मी त्या ओळी दुरुस्त करत होते आणि जवळजवळ प्रत्येक ओळीवर मला एक खरा प्रश्न सोडवावा लागला: येथे आकडा आला नाही तर शेतकऱ्याला काय सांगायचे?

भाषेच्या स्वतःच्या ग्रंथालयातही, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातही, हा संयम दिसतो. कालावधी दाखवणाऱ्या ‘ड्युरेशन’ला शून्य हे डिफॉल्ट आहे, कारण शून्य सेकंद हा अर्थपूर्ण कालावधी आहे, पण घड्याळातील क्षण दाखवणाऱ्या ‘इन्स्टंट’ला डिफॉल्ट नाही, कारण ‘कोणताही एक क्षण’ या मागणीला उत्तर नसते. शून्य कधीच असू शकत नाही अशा संख्यांसाठी ‘नॉनझीरो’ टाइप आहेत आणि त्यांनाही डिफॉल्ट नाही. प्रत्येक पेटीचा क्रमांक मी आता याच टाइपमध्ये ठेवते. क्रमांक न भरलेल्या पेटीने ‘पेटी क्रमांक ०’ म्हणून आकडे पाठवण्याचा प्रकार पूर्वी होत असे. तो आता लिहिताच येत नाही.

‘मोजले नाही’ हे दाखवण्यासाठी ऑप्शन वापरण्याची किंमत मेमरीत मोजावी लागते, आणि लहान बोर्डावर काम करणाऱ्याने ती आधी समजून घ्यावी. ३२ बिटांची दशांश संख्या ४ बाइट घेते. तीच ऑप्शनमध्ये ठेवली तर ८ बाइट लागतात, कारण ‘आहे की नाही’ ही खूण ठेवण्यासाठी वेगळी जागा हवी आणि ती ४ च्या पटीत वाढते. नॉनझीरो संख्या ऑप्शनमध्ये ठेवली तर मात्र जागा मुळीच वाढत नाही. शून्याची मोकळी असलेली जागाच कंपायलर ‘नन’साठी वापरतो. आमच्या ईएसपी३२-सी३ बोर्डावर ४०० किलोबाइट रॅम आहे आणि एका दिवसाच्या नोंदी ९६ होतात, त्यामुळे हा भार मला जाणवलाही नाही. याहून बऱ्याच लहान चिपवर काम करणाऱ्यांनी नॉनझीरोचा विचार आवर्जून करावा.

जागा धरणारे मूल्य कसे असावे याचा एक धडा मला रस्टकडून नव्हे, तर एका सेन्सरकडून मिळाला. मातीच्या तापमानासाठी आम्ही डीएस१८बी२० वापरतो. वीज मिळाल्यानंतर पहिले मापन होईपर्यंत या सेन्सरच्या मेमरीत ८५ अंश सेल्सिअस हा आकडा असतो. बनवणाऱ्यांनीच तो तसा ठेवला आहे. १२ बिटांच्या मापनाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि तेवढे न थांबता वाचले तर तोच ८५ हाती येतो. ज्या पेटीचा सेन्सर मी घाईने वाचत होते, त्या वावरातून सकाळीच फोन आला: ‘काऊन ताई, वावरात चूल पेटवली का? पंच्याऐंशी दाखवून राह्यलं.’ त्या काकांना प्रोग्रॅमिंगमधले काही माहीत नव्हते, पण चूक त्यांनी एका क्षणात ओळखली. विदर्भाच्या उन्हाळ्यातही माती ८५ अंशांवर जात नाही. याउलट पाऊस ०.० हा आकडा आमच्याकडे वर्षातील बहुतेक दिवशी खरा असतो, म्हणून तो खोटा असला तरी कोणी फोन करत नाही. ८५ हाही आदर्श नाहीच, कारण तो सेन्सरच्या उणे ५५ ते १२५ या मापनकक्षेच्या आत पडतो आणि भट्टीत बसवलेल्या सेन्सरबाबत तो खरा असू शकतो. तरी शून्यापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे.

ज्यांनी या प्रश्नाचा वेगळा विचार केला अशा दोन भाषांचा उल्लेख येथे करायला हवा. डी भाषेत दशांश संख्येला मूल्य दिले नाही तर ती शून्य नसते, ‘नॅन’ असते, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असे सांगणारे मूल्य. त्याच्याशी केलेली बेरीज, गुणाकार सगळे पुन्हा नॅनच येते आणि विसरलेला रकाना अखेरच्या उत्तरापर्यंत लपत नाही. झिग भाषेत ‘अनडिफाइन्ड’ लिहून जागा सोडली, तर डीबग बांधणीत, म्हणजे चुका शोधण्यासाठी तयार केलेल्या प्रोग्रॅममध्ये, त्या मेमरीत सोळा अंकचिन्हांच्या पद्धतीतील ‘एए’ हा नमुना भरला जातो, जो छापून पाहिला की लगेच खटकतो. रस्टमध्ये दशांश संख्येचे डिफॉल्ट नॅन असते तर मला अधिक आवडले असते. पूर्णांकांना असे मूल्यच नाही, त्यामुळे सरसकट शून्य ठेवण्यामागचा विचार समजतो. पण समजणे आणि पटणे यांत अंतर आहे.

शून्याची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणेही खोटे नाही. जीसीसी या सी कंपायलरच्या १२ व्या आवृत्तीपासून स्टॅकवरील व्हेरिएबल आपोआप शून्य करण्याचा पर्याय सी लिहिणाऱ्यांना मिळतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यच आहे: मेमरीत उरलेला जुना मजकूर बाहेर जात नाही आणि भरकटलेल्या पॉइंटरऐवजी (मेमरीतील जागेच्या पत्त्याऐवजी) निश्चित जागी कोसळणारा शून्य पॉइंटर मिळतो. तेथे शून्य हे कुलूप आहे. माझ्या पेटीत मात्र ते साक्षीदाराच्या जागी उभे राहून जबाब देते.

आमच्या कंपनीच्या सभासदांची यादी संगणकावर भरताना हाच प्रश्न कागदावर दिसला. ज्येष्ठ सभासदांच्या जन्मतारखांत एकामागून एक १ जून येत होता. माझ्या आजोबांची जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यावर १ जूनच आहे. घरच्यांना तारीख ठाऊक नव्हती आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकली. तारीख वैध होती, रकाना भरला गेला, आणि पुढे निवृत्तीचा दिवसही त्याच तारखेवरून ठरला. त्या यादीतील कोणता १ जून खरा आणि कोणता गुरुजींचा, हे यादीकडे पाहून आज कोणालाही सांगता येणार नाही. वैध दिसणारे डिफॉल्ट एकदा नोंदीत मिसळले की ते नंतर निवडून काढता येत नाही, म्हणून काळजी नोंद करतानाच घ्यावी लागते.

डिफॉल्ट जेथे मनापासून वापरावे अशी जागा म्हणजे सेटिंग. किती मिनिटांनी मोजायचे, किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, बॅटरी किती उतरली की झोपायचे, अशा रकान्यांना शहाणपणाचे पूर्वनिश्चित मूल्य असतेच, आणि ‘हे दोन रकाने माझे, बाकीचे डिफॉल्टमधून घ्या’ असे दोन टिंबांच्या खुणेने सांगण्याची रस्टची रीत वाचायला फार स्वच्छ आहे. पण येथेही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले आहे. सेटिंगच्या स्ट्रक्टवर डिराइव्ह केलेले डिफॉल्ट होते. दुसऱ्या हंगामाच्या आधी मी त्यात ओलावा सेन्सरसाठी एक नवा रकाना वाढवला: गुणक, म्हणजे सेन्सरच्या आकड्याला ज्याने गुणायचे तो. डिराइव्हने त्याला ०.० दिले. दोन टिंबांमुळे स्ट्रक्ट तयार करणाऱ्या जुन्या कोणत्याही ओळीवर कंपायलरला तक्रार करण्याचे कारण नव्हते, आणि सगळ्या पेट्यांचा ओलावा एका रात्रीत शून्य झाला. बेरजेचे तटस्थ मूल्य शून्य असते, गुणाकाराचे एक. हे डिराइव्हला कळणार कसे? तेव्हापासून सेटिंगचे डिफॉल्ट मी हाताने लिहिते, प्रत्येक रकाना नाव घेऊन. तसे लिहिले की नवा रकाना वाढवल्यावर निदान त्या एका जागी कंपायलर अडवतो आणि विचार करायला लावतो.

काही उणिवा अशा आहेत, ज्या मला अजून खुपतात. ॲरेला, म्हणजे ठरलेल्या लांबीच्या यादीला, डिफॉल्ट फक्त ३२ घटकांपर्यंतच मिळते. माझ्या दिवसभराच्या ९६ नोंदींच्या ॲरेला ते मिळत नाही, आणि पहिल्यांदा ती त्रुटी पाहिली तेव्हा मी अर्धा तास आपलेच काही चुकले म्हणून शोधत होते. असा ॲरे फंक्शन देऊन भरावा लागतो. दुसरे असे, की स्थिर आवृत्तीत डिफॉल्टचे फंक्शन बांधणीच्या वेळी चालवता येत नाही, त्यामुळे स्टॅटिक व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या मूल्यासाठी ते निरुपयोगी ठरते. लहान बोर्डांवर तर स्टॅटिक व्हेरिएबल पावलोपावली लागतात, आणि म्हणून एकच मूल्य दोन ठिकाणी, एकदा डिफॉल्टमध्ये आणि एकदा बांधणीच्या वेळीही चालणाऱ्या कॉन्स्ट फंक्शनमध्ये, लिहिण्याची वेळ येते. मी आता मूल्ये कॉन्स्ट फंक्शनमध्ये ठेवते आणि डिफॉल्टमधून त्यालाच बोलावते. जेनेरिक, म्हणजे आतला टाइप वापरताना ठरणाऱ्या, स्ट्रक्टवर डिराइव्ह केल्यास आतल्या टाइपलाही डिफॉल्ट हवे अशी अट, गरज नसताना, लागते; तो त्रास क्वचितच होतो.

आसपासच्या साधनांपैकी ‘टेक’ मला विशेष आवडते. साठलेल्या नोंदींचा वेक्टर सिम मॉड्यूलकडे द्यायचा आणि त्याच्या जागी रिकामा वेक्टर ठेवायचा, हे काम ते एका ओळीत, नोंदींची नक्कल न करता करते. येथे रिकामेपणा हाच खरा अर्थ असल्यामुळे डिफॉल्ट अगदी योग्य जागी बसते. मोठा बफर शून्य करण्यात वेळ घालवायचा नसेल तर ‘मेबी अनइनिट’ आहे, जुलै २०१९ मधील १.३६ आवृत्तीपासूनचे, ‘ही जागा अजून भरलेली नाही’ हे ते टाइपच्या नावातच सांगते, आणि भरली आहे असे ठरवण्याची जबाबदारी आपल्या सहीने आपल्यावर येते. झोपेतून उठल्यावरही टिकणाऱ्या मेमरीच्या बाबतीत मी फार सावध असते. बॅटरी पूर्ण उतरल्यावर त्या मेमरीत काहीही असू शकते, आणि बूलच्या जागी ० किंवा १ खेरीज काही सापडले तर रस्टच्या साऱ्या हमीच संपतात. म्हणून तेथील मजकूर मी आधी नुसते बाइट म्हणून वाचते, चेकसम (मजकूर बिघडला नाही हे पडताळणारी बेरीज) जुळवते, आणि जुळला नाही तर डिफॉल्टपासून सुरुवात करते.

सर्व्हरचा भाग गो भाषेत आहे, त्यामुळे तुलना रोज होते. गोमध्ये प्रत्येक टाइपला शून्य मूल्य असते, आणि त्याचे फायदे खरे आहेत: म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) जाहीर करताच वापरता येतो. पण ते मूल्य आपल्या टाइपवरून काढून घेण्याची सोय नाही. पेटीने पाठवलेल्या जेसनमध्ये (रकान्यांच्या नावांसह लिहिलेल्या मजकुरात) पावसाचा रकाना नसेल तर गोच्या स्ट्रक्टमध्ये तो ० होऊन बसतो. पेटीत इतक्या कष्टाने जपलेला कोरेपणा सर्व्हरच्या उंबरठ्यावर पुन्हा शून्य झाला होता; शेवटी तेथे मी पॉइंटर वापरले, कारण ते रिकामे राहू शकतात. दोन यंत्रांमधल्या निरोपातही ‘मोजले नाही’ यासाठी ठरलेली खूण हवी. पेटीकडून येणाऱ्या १६ बिटांच्या रकान्यात आम्ही आता ६५५३५ हा आकडा त्यासाठी राखून ठेवला आहे.

रस्ट विनामूल्य आहे, एमआयटी आणि अपाचे २.० अशा दुहेरी परवान्याखाली मिळते, आणि सगळी कागदपत्रे संगणकावर उतरवून घेता येतात; वीज गेल्यावर गावातला टॉवरही बंद पडतो तेव्हा डिफॉल्टचे पान मी तेथूनच वाचते. सीच्या सरावातून येणाऱ्यांना पहिले दोन महिने कठीण जातील. ज्यांचे काम आकडे मोजून दुसऱ्याच्या हाती देण्याचे आहे, त्यांनी ते दोन महिने द्यावेत असे मी म्हणेन, मात्र मोजमापाच्या टाइपवर डिराइव्ह न करण्याच्या अटीवर.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याच पेटीतील तीच जोडणी पुन्हा गंजली. दुसऱ्याच नोंदीत पावसाच्या रकान्यात ‘मोजले नाही’ आले, ओलिताचा सल्ला तयारच झाला नाही, आणि काकांच्या मोबाइलवर संदेश गेला की पेटीकडून पावसाची नोंद मिळत नाही, वावरात पाहून घ्यावे. काकांनी सालगड्याला फोन केला. त्याने पिकाच्या तासात (सरीत) बोटे घालून पाहिले आणि सांगितले, ‘वीतभर ओल हाय, मालक.’ मोटर बंदच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॉलिश पेपर घेऊन गेले, पिना घासून साफ केल्या, आणि साडेदहाच्या नोंदीत ०.० आले, या वेळी ते निरंक होते.